जेम्सटाउन ते गन्स्टन हॉल : व्हर्जिनियाच्या जुन्या सभागृहांतून

पहिला दिवस : जेम्सटाउन

अमेरिकेची राज्यघटना फिलाडेल्फियात लिहिली गेली, हे आपण शाळेपासून वाचत आलेलो असतो आणि ते खरेही आहे. मात्र त्या घटनेचा पहिला आराखडा फिलाडेल्फियात घेऊन जाणारी माणसे व्हर्जिनियाची होती आणि देशाचे सरकार उभारण्याच्या अकरा वर्षे आधी त्यांनी आपल्या वसाहतीचे राज्य करून पाहिले होते, त्याचे चटकेही सोसले होते. नोकरीची बहुतेक वर्षे सभागृहांची इतिवृत्ते लिहिण्यात गेल्यामुळे मला या आधीच्या खटपटीचे कुतूहल अधिक होते. उत्तर व्हर्जिनियात राहणाऱ्या भाचीने रजा टाकली, गाडी काढली आणि मेअखेरीस ती, तिची मामी आणि मी असे दक्षिणेकडे निघालो.

जेम्स नदीच्या काठी उतरलो तेव्हा हवा आपल्याकडच्या मृगापूर्वीच्या दिवसांसारखी दमट आणि कोंदलेली होती. १६०७ साली इंग्रजांनी येथे वस्ती केली. आज विटांचा एक जुना मनोरा, त्याला लागून १९०७ साली बांधलेले चर्च आणि भोवती उत्खननाचे चौकोनी खड्डे एवढेच प्रामुख्याने दिसते. याच जागी पूर्वी लाकडी चर्च होते आणि ३० जुलै १६१९ रोजी त्यात व्हर्जिनियाची जनरल असेंब्ली पहिल्यांदा भरली. गव्हर्नर जॉर्ज यिअर्डली, त्यांचे कौन्सिल, म्हणजे सल्लागार मंडळ, आणि वस्त्यांनी निवडलेले २२ बर्जेस, म्हणजे प्रतिनिधी, अशी ती सभा होती. तंबाखूचा भाव, आळस, जुगार आणि दारूबाजीला आळा, मूळ रहिवाशांशी करावयाचे व्यवहार, असे तिच्यापुढचे विषय होते. उकाडा एवढा होता की अधिवेशन चालू असतानाच एक सदस्य दगावला, आणि सहाव्या दिवशी हवामान असह्य झाले म्हणून सभा तहकूब करण्यात आली. घाम पुसत हे ऐकताना ती तहकुबी मला अगदी रास्त वाटली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीस, येथून नदीच्या मुखाशी असलेल्या पॉइंट कम्फर्ट येथे वीसेक आफ्रिकी माणसे जहाजातून आणून विकण्यात आली. प्रतिनिधींची सभा आणि माणसांची विक्री यांत महिन्याभराचेही अंतर नाही. पुढच्या प्रत्येक मुक्कामावर या दोन गोष्टी आम्हाला जोडीनेच भेटत राहिल्या.

जेम्सटाउन नावाची दोन ठिकाणे शेजारी शेजारी आहेत, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. हिस्टॉरिक जेम्सटाउन ही मूळ जागा. जेम्सटाउन सेटलमेंट हे राज्याचे संग्रहालय असून तेथे जहाजांच्या प्रतिकृती आहेत. लहान मुले बरोबर असतील तर दुसरे बरे. इतिहासासाठी येणाऱ्याने पहिले चुकवू नये. जवळच जेम्स नदी ओलांडणारी फेरीबोट आहे आणि ती गाडीसकट फुकट नेते. आम्ही केवळ हौसेने पलीकडच्या सरी गावाकडे जाऊन आलो. खारवलेल्या हॅमची पातळ चकती घातलेला लोणीदार पाव मी तिकडेच खाल्ला. मामीने घरून आणलेल्या दशम्या सोडल्या.

दुसरा दिवस : विल्यम्सबर्ग

वसाहतीची राजधानी १६९९ साली जेम्सटाउनहून विल्यम्सबर्गला आली आणि १७८० पर्यंत तेथेच राहिली. आज जुन्या गावाचा मोठा भाग संग्रहालय म्हणून जपला आहे. ड्यूक ऑफ ग्लॉस्टर या हमरस्त्यावरून तिकिटाशिवाय कितीही हिंडता येते, पण इमारतींच्या आत जायला तिकीट लागते. सकाळी दारे उघडताच कॅपिटॉल गाठावे. दुपारी शाळांच्या सहलींची झुंबड उडते.

कॅपिटॉलमध्ये आम्हाला हिंडवणारे गृहस्थ अठराव्या शतकातील कारकुनाच्या पोशाखात होते, मात्र बोलण्यात नाटकीपणा नव्हता. इमारत १९३४ साली पुन्हा उभारलेली आहे, आणि तीही १७०५ च्या पहिल्या इमारतीबरहुकूम. ती १७४७ मध्ये जळाली होती आणि १७७६ च्या घडामोडी याच जागेवरच्या दुसऱ्या इमारतीत झाल्या, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. दोन बाजूंना गोलाकार टोकांचे दोन भाग आणि त्यांना जोडणारा मधला भाग अशी तिची रचना आहे. एका भागात निवडून आलेल्यांचे सभागृह, दुसऱ्यात न्यायालय आणि वरच्या मजल्यावर वरिष्ठ सभागृहाचे काम करणारे कौन्सिल. दोन सभागृहांचे एकमत होईना, तर त्यांच्या प्रतिनिधींनी वरच्या मधल्या दालनात एकत्र बसायचे. संयुक्त समितीसाठी इमारतीतच जागा राखून ठेवलेली पाहून मला आनंद झाला.

या सभागृहाचे राजाशी बिनसत गेले त्याची गोष्ट १७६५ च्या मुद्रांक करापासून सुरू होते. पॅट्रिक हेन्रीने त्याविरुद्ध ठराव आणले तेव्हा तो नुकताच निवडून आलेला होता. मात्र मला रस होता तो १७७४ मध्ये. बॉस्टनचे बंदर इंग्रजांनी बंद केले म्हणून बर्जेसांनी उपवास आणि प्रार्थनेचा दिवस पाळण्याचा ठराव केला आणि गव्हर्नर लॉर्ड डन्मोरने २६ मे रोजी सभागृहच विसर्जित केले. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी शंभरेक पावलांवरच्या रॅली टॅव्हर्न या खानावळीच्या मोठ्या दालनात जमली आणि सर्व वसाहतींची एक काँग्रेस भरवण्याची हाक तेथून दिली गेली. त्याच वर्षी फिलाडेल्फियात ती भरली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष झाला पेटन रँडॉल्फ, म्हणजे विसर्जित झालेल्या सभागृहाचाच सभापती. पुढची दोन वर्षे व्हर्जिनियात एकामागून एक अशी पाच अधिवेशने भरली. सभासद बहुतांशी जुनेच आणि सभाशास्त्रही जुनेच. नव्हता तो फक्त राजाचा हुकूम.

सहा मे १७७६ या दिवसाची हकीकत सांगताना आमचे मार्गदर्शक जरा थांबले. त्या सकाळी जुन्या हाउस ऑफ बर्जेसेसचे थोडेसे सदस्य जमले, कामकाज चालवायचे नाही आणि तहकूबही करायचे नाही असे त्यांनी ठरवले, आणि कारकुनाने इतिवृत्ताच्या शेवटी मोठ्या अक्षरांत लॅटिनमध्ये ‘फिनिस’, म्हणजे समाप्त, एवढे लिहून ठेवले. त्याच दिवशी त्याच इमारतीत पाचवे अधिवेशन सुरू झाले. मी इतकी इतिवृत्ते लिहिली, पण ज्या सभागृहाची मी नोंद ठेवतो ते आजपासून अस्तित्वात नाही, असे लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. बंदुका, भाषणे, पुतळे यांपेक्षा त्या अनाम वाटणाऱ्या ओळीत मला वसाहतीचा शेवट अधिक स्पष्ट दिसला.

पुढचे सगळे झपाट्याने झाले. १५ मे रोजी अधिवेशनाने एकमताने दोन गोष्टी ठरवल्या : फिलाडेल्फियातील आपल्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा प्रस्ताव मांडावा, आणि येथे हक्कांचा जाहीरनामा व राज्यकारभाराची योजना तयार करण्यासाठी समिती नेमावी. पहिल्या निर्णयानुसार ७ जूनला रिचर्ड हेन्री लीने काँग्रेसमध्ये स्वातंत्र्याचा ठराव मांडला. दुसऱ्यानुसार १२ जूनला जाहीरनामा आणि २९ जूनला राज्यघटना मंजूर झाली. चार जुलैचा जगप्रसिद्ध जाहीरनामा निघण्याआधीच व्हर्जिनियाकडे स्वतःची घटना होती आणि पॅट्रिक हेन्री हा निवडलेला गव्हर्नरही होता.

दोन्ही कागदांवर मुख्य हात मळेमालक जॉर्ज मेसनचा. सर्व माणसे निसर्गतःच सारखीच स्वतंत्र आहेत, असे त्याने लिहिले तेव्हा रॉबर्ट कार्टर निकोलस यांनी गुलामांचे काय, असा आक्षेप घेतला. त्यावर तोडगा म्हणून माणसे ‘समाजव्यवस्थेत प्रवेश करतात तेव्हा’ अशी पुस्ती जोडण्यात आली, म्हणजे गुलाम त्या समाजाबाहेरचे ठरवून प्रश्न मिटवला. धर्माच्या कलमात मात्र पंचविशीतल्या जेम्स मॅडिसनने चांगली सुधारणा केली : सरकारने इतर पंथांना मेहरबानीने सहन करावे ही मूळ कल्पना काढून, आपापला धर्म पाळण्याचा सर्वांना सारखाच हक्क आहे, असे तेथे आले.

संध्याकाळी एका टॅव्हर्नमध्ये शेंगदाण्याचे सूप मागवले. ही व्हर्जिनियाची खासियत. उपवासाच्या दाण्याच्या आमटीत आमसुलाऐवजी सायीचे दूध घातले तर जे होईल ते. मामीला ते भलतेच आवडले. बरेचदा ते कोंबडीच्या रश्श्यात करतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे. अधिवेशनाचा अध्यक्ष एडमंड पेंडलटनने मे १७७६ मध्ये थॉमस जेफरसनला, म्हणजे पुढे चार जुलैचा जाहीरनामा लिहिणाऱ्याला, लिहिलेल्या पत्रात, राजकीय आचारी पदार्थ शिजवण्यात गुंतले आहेत, असे म्हटले होते. भाचीने ते वाचून दाखवले तेव्हा शेजारच्या टेबलावरचे म्हातारे जोडपेही हसले. जेफरसन स्वतः फिलाडेल्फियात अडकला होता. त्याने आपला मसुदा जॉर्ज विथबरोबर पाठवला, पण तो पोहोचेपर्यंत काम उरकत आले होते. त्याची प्रस्तावना तेवढी जोडली गेली.

तिसरा दिवस : विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाउन

सकाळी गव्हर्नरचा वाडा पाहिला. दालनाच्या भिंतींवर बंदुका आणि तलवारी नक्षीसारख्या मांडलेल्या आहेत. आलेल्या माणसाने दबून जावे हाच त्यामागचा हेतू. जून १७७५ मध्ये डन्मोर येथून पळाला आणि नंतर हेन्री व जेफरसन हे निवडलेले गव्हर्नर याच वाड्यात राहिले. तेथून नासॉ रस्त्यावर गेलो. गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीयांनी १७७६ मध्येच स्थापन केलेल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चची जुनी जागा येथे २०२० पासून खणली गेली. त्या काळी गावातील निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. त्यांना मत नव्हते आणि जमण्याचीही मुभा नव्हती. तरी त्यांनी आपली संस्था उभी केली आणि ती मंडळी आजही चालू आहे. कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंनी, आपले पूर्वज याच मंडळीत होते, असे सांगून मामीला बराच वेळ माहिती दिली. दोघींची इंग्रजी निराळी, पण त्यांचे काही अडले नाही.

दुपारी कलोनियल पार्कवेने यॉर्कटाउनला गेलो. हा रस्ता गर्द झाडीतून जातो, त्यावर पेट्रोल पंप नाही आणि मार्गिकांचे पट्टेही नाहीत. इंधन आधी भरून घ्यावे. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने येथे शरणागती पत्करली. तो स्वतः आजाराचे कारण सांगून समारंभाला आलाच नाही. मराठी माणसाला हा कॉर्नवॉलिस परका नाही. १७८६ मध्ये तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या बाजूने उतरल्या. १८०५ साली तो गाझीपूरला वारला. यॉर्कटाउनच्या संग्रहालयात त्याची कथा येथेच संपल्यासारखी वाटते, तेव्हा आम्ही तिघेही आपसांत पुढचा भाग बोलत राहिलो.

चौथा दिवस : रिचमंड

रिचमंडचे कॅपिटॉल विनामूल्य पाहता येते. प्रवेश टेकडीच्या पायथ्याकडून, बँक स्ट्रीटवरून आहे. फ्रान्समध्ये राजदूत असताना जेफरसनने नीम येथील रोमन मंदिर नमुना धरून या इमारतीचा आराखडा केला आणि प्लास्टरची प्रतिकृती जहाजाने पाठवली. ती प्रतिकृती अजून येथे जपलेली आहे. मधल्या घुमटाखाली फ्रेंच शिल्पकार उडाँने घडवलेला वॉशिंग्टनचा संगमरवरी पुतळा आहे. त्याचा हात तेरा दांड्यांच्या जुडग्यावर टेकलेला असून मागे नांगर आहे. तेरा दांड्या म्हणजे तेरा राज्ये.

निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या मार्गदर्शक बाईंना, १७७६ ची घटना चालली कशी, असे मी विचारले आणि त्या खुलल्या. राजाच्या गव्हर्नरांचा जाच सोसलेल्या लोकांनी नव्या गव्हर्नरचे हातपायच बांधून ठेवले होते. तो दोन्ही सभागृहांनी एका वर्षासाठी निवडायचा, लागोपाठ तीनदाच; नकाराधिकार नाही; आठ जणांच्या कौन्सिलच्या सल्ल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. १७८१ मध्ये इंग्रज फौजा रिचमंडपर्यंत आल्या आणि विधिमंडळ शार्लट्सव्हिलला, तेथून आणखी पश्चिमेला पळाले, तेव्हा गव्हर्नर असलेल्या जेफरसनला या व्यवस्थेची किंमत कळली. एका हुकूमशहाइतकेच १७३ हुकूमशहाही (विधिमंडळाचे सदस्य तेवढे होते) जुलमी ठरतील, असे त्याने पुढे विधिमंडळाच्या अमर्याद सत्तेबद्दल लिहिले.

दुपारी आकाश अंधारून आले आणि असा पाऊस कोसळला की आम्ही कॅपिटॉलच्या खांबांआड तासभर अडकलो. बाई म्हणाल्या, हेच तर रिचमंडचे जुने वैशिष्ट्य. जून १७८८ मध्ये नवी राष्ट्रीय घटना स्वीकारायची की नाही यावर याच टेकडीवर राज्याचे अधिवेशन चालू होते. ‘आम्ही राज्ये’ न म्हणता ‘आम्ही लोक’ म्हणण्याचा अधिकार घटना लिहिणाऱ्यांना दिला कोणी, असा हेन्रीचा सवाल होता. मॅडिसनचा आवाज इतका बारीक की लघुलेखकाला वाक्ये सुटायची. चोवीस तारखेला हेन्री बोलत असताना असेच वादळ झाले आणि कामकाज थांबले. दुसऱ्या दिवशी मतदान झाले : बाजूने ८९, विरोधात ७९. घटना अमलात येण्यास लागणारी नऊ राज्ये तोवर झालीच होती. तरी सर्वांत मोठ्या राज्याशिवाय तो देश अर्धाच राहिला असता.

खांबांआड उभे असताना भाचीने, आपल्याकडे राज्यांनी घटनेवर असे मतदान का केले नाही, असे विचारले. चार नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी हा फरक सांगितला आहे : अमेरिकेत राज्यांना स्वतःची घटना करण्याचा अधिकार आहे, तर आपल्याकडे केंद्र आणि राज्ये एकाच घटनेच्या चौकटीत आहेत. व्हर्जिनियाने देश घडवायला हातभार लावला. महाराष्ट्र मात्र लोकांनी लढा देऊन मागितला असला तरी १९६० मध्ये संसदेच्या कायद्याने झाला.

पाचवा दिवस : माँटपेलियर

ऑरेंज गावाजवळ ज्या मोटेलात उतरलो त्याच्या गुजराती मालकीणबाईंनी सकाळी आल्याचा चहा स्वतःहून आणून दिला. व्हर्जिनियाचा गव्हर्नर आजही लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येऊ शकत नाही, आणि असे बंधन असलेले हे देशातील एकच राज्य आहे, हे मला त्यांच्याकडून कळले. हॉटेलवाल्यांच्या संघटनेला दर चार वर्षांनी नव्या माणसाला सगळे पहिल्यापासून समजवावे लागते, ही त्यांची तक्रार. अडीचशे वर्षांपूर्वीची धास्ती अजून कायद्यात आहे.

माँटपेलियर हे मॅडिसनचे घर. स्वतःचे वाहन असेल तरच येथे यावे, आणि घराच्या फेरीची वेळ आधी ठरवून घ्यावी. वरच्या मजल्यावरील ग्रंथालयातून ब्लू रिजचे डोंगर दिसतात. जेफरसनने पॅरिसहून पाठवलेली पुस्तके मॅडिसनने वाचून काढली आणि ग्रीकांपासून स्वित्झर्लंडपर्यंतचे राज्यसंघ का मोडले वा दुबळे राहिले, याची टिपणे केली. त्यातून तयार झालेली व्हर्जिनिया योजना, १५ ठरावांची, गव्हर्नर एडमंड रँडॉल्फने २९ मे १७८७ रोजी फिलाडेल्फियातील घटनासभेत मांडली. दोन सभागृहे, स्वतंत्र न्यायशाखा आणि विधिमंडळाने निवडलेला कार्यकारी प्रमुख. हा शेवटचा भाग थेट घरच्या घटनेतून उचललेला दिसतो. चार महिन्यांच्या वादात तो बदलला आणि राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकारही मिळाला. घरी अंगाशी आलेली गोष्ट देशाच्या पातळीवर सुधारली गेली, असे मी समजतो. दोन्ही सभागृहांत लोकसंख्येनुसार जागा असाव्यात ही व्हर्जिनियाची मागणी मात्र लहान राज्यांनी हाणून पाडली, आणि सिनेटमध्ये सर्व राज्यांना सारख्याच जागा मिळाल्या.

तळघरातील प्रदर्शन गुलामांचे आहे. मॅडिसनच्या मळ्यावर शंभराच्या घरात माणसे गुलाम होती. विटांवर त्या करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे आहेत आणि ते हात लावून पाहू देतात. एका विटेवरचे ठसे लहान आहेत, माझ्या करंगळीहून बारीक. वरच्या मजल्यावर ज्या घटनेचा अभ्यास झाला तिच्या मूळ मजकुरात गुलाम हा शब्द एकदाही नाही. प्रतिनिधित्वासाठी मात्र अशी पाच माणसे तिघांच्या बरोबरीने मोजली जात.

सहावा दिवस : गन्स्टन हॉल आणि माउंट व्हर्नन

मेसनचे गन्स्टन हॉल हे घर पोटोमॅकच्या काठी आहे. बाहेरून साधे; आतील लाकूडकाम मात्र विल्यम बकलंड या इंग्लंडहून करारावर आलेल्या कारागिराचे आणि अप्रतिम. गर्दी जवळजवळ नव्हती. फिलाडेल्फियात मेसन शेवटपर्यंत बसला आणि हक्कांचा जाहीरनामा नाही म्हणून सही न करताच परतला. आहे त्या स्वरूपातील घटनेवर सही करण्यापेक्षा आपण उजवा हात तोडून टाकू, असे तो ऑगस्टमध्येच म्हणाला होता. वॉशिंग्टनशी असलेली जुनी मैत्री त्यात संपली. गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच छोटा जुलमी असतो, हे वाक्यही याच माणसाचे, आणि या घराचा सगळा डोलारा गुलामांच्या कष्टांवर उभा होता. स्वयंसेवक गृहस्थांनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, त्याचे मला बरे वाटले. पुढे मॅडिसनने जून १७८९ मध्ये काँग्रेससमोर हक्कांच्या घटनादुरुस्त्या मांडल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी व्हर्जिनियाच्याच मंजुरीने त्या लागू झाल्या. मेसनचा जाहीरनामा तर आजही राज्याच्या घटनेचे पहिले प्रकरण आहे.

माउंट व्हर्नन येथून गाडीने अगदी जवळ आहे, आणि तेथे मात्र लोटच्या लोट. बहुतेकांना वॉशिंग्टनची खोली आणि समाधी पाहायची असते. मार्च १७८५ मध्ये पोटोमॅकच्या नौकानयनावर व्हर्जिनिया आणि मेरीलँड यांच्या प्रतिनिधींची बैठक याच घरात झाली. ती यशस्वी झाली म्हणून पुढच्या वर्षी अ‍ॅनापोलिसला पाच राज्ये आली आणि तेथून फिलाडेल्फियाचे आमंत्रण निघाले. व्हर्जिनियाने नेमलेल्या चार जणांपैकी मॅडिसन आणि रँडॉल्फ या बैठकीला नव्हते, कारण गव्हर्नर हेन्रीकडून त्यांना बैठकीची वर्दीच गेली नव्हती. कामकाजाची पत्रे आयुष्यभर पाठवलेल्या माणसाला ही माहिती विशेष रुचली.

वेळ कमी असेल तर यॉर्कटाउन गाळावे, पण गन्स्टन हॉल गाळू नये. आणि माउंट व्हर्ननला शनिवार-रविवार टाळून सकाळीच जावे.